शिफारसपत्र घेऊन आलेला संन्यासी

ऑक्टोबर १८९२. सकाळी सहाच्या सुमारास बेळगावातले वकील सदाशिवराव भाटे यांच्या दारात एक भगव्या कपड्यांतला तरुण येऊन उभा राहिला. हातात एक चिठ्ठी. चिठ्ठी कोल्हापूर दरबारचे खासगी कारभारी गोळवलकर यांची, आणि गोळवलकर म्हणजे भाट्यांचे जुने स्नेही. त्यामुळे आलेला माणूस कोण, कुठला, हे विचारण्याआधीच तो घरचा पाहुणा झाला होता.

त्या काळातल्या शिफारसपत्राचे मोल आज कळणे कठीण आहे. परमुलखात उतरायचे तर एक तर धर्मशाळा किंवा कुणाची तरी ओळख. या संन्याशाचा सगळा प्रवास ओळखीच्या चिठ्ठ्यांवर चालला होता. भावनगर दरबारची चिठ्ठी घेऊन तो कोल्हापुरात आला, कोल्हापूरने त्याला बेळगावला पोहोचवले, आणि बेळगावची चिठ्ठी पुढे त्याला गोव्यात घेऊन जाणार होती. पैशाला शिवायचे नाही असे ठरवलेल्या माणसाकडे प्रवासाचे दुसरे साधन तरी काय असणार? संस्थानांचे दिवाण, कारभारी, वकील, इंग्रजी खात्यांतले अंमलदार अशी शिकल्या-सवरलेल्यांची एक साखळी देशभर होती आणि हा माणूस तिची एकेक कडी धरत दक्षिणेकडे निघाला होता. मात्र चिठ्ठी फक्त दार उघडते. आत आल्यावर पाहुण्याला स्वतःच्या बळावर उभे राहावे लागते, आणि बेळगावात नेमके तेच झाले.

आज आपण त्याला स्वामी विवेकानंद म्हणतो. तेव्हा हे नाव रुळलेले नव्हते. वय एकोणतीस. तो कधी सच्चिदानंद म्हणवून घेई, कधी विविदिषानंद. पुण्यात लोकमान्य टिळकांकडे तो विंचूरकर वाड्यात आठ-दहा दिवस राहिला. मुंबईहून पुण्याला येणाऱ्या गाडीत दोघांची गाठ पडली होती. पुढे टिळकांनी आठवण सांगितली ती अशी की, नाव विचारले तेव्हा पाहुणा एवढेच म्हणाला, मी एक संन्यासी आहे. शिकागोच्या धर्मपरिषदेची बातमी वर्तमानपत्रांत आली, तेव्हा आपल्या वाड्यात राहून गेलेला तो हाच असावा असा टिळकांना तर्क करावा लागला. बेळगावात आला तो असा अनामिक. त्याचा जयजयकार करणारे कुणी नव्हते आणि त्याचा संप्रदाय कोणता हेही कुणाला ठाऊक नव्हते.

मला या भेटीत रस वाटतो तो याच कारणासाठी. गुरू येणार म्हणून भक्तांनी कमानी उभारल्या, पायघड्या घातल्या, ही गोष्ट आपल्याला पाठ आहे. इथे भक्तच नव्हते. गुरू आला तेव्हा समोर होते चिकित्सक वकील, कर्मठ शास्त्री, विज्ञानाचा अभिमानी एक इंजिनिअर, साधू म्हणजे ठक अशी पक्की खात्री असलेला एक अधिकारी आणि अष्टाध्यायी घोकणारा एक मुलगा. आणि नशीब असे की, त्यांपैकी दोघांनी पुढे आठवणी लिहिल्या. वकिलांचे चिरंजीव प्रा. जी. एस. भाटे यांनी, आणि वनखात्यातले बंगाली अधिकारी हरिपद मित्र यांनी. दोघांनीही आपला आधीचा संशय लपवलेला नाही. विवेकानंदांवरच्या शेकडो पुस्तकांत हा मोठा दुर्मीळ गुण आहे.

मराठी मुलखात तेव्हा गुरूचे येणे कसे असे? शंकराचार्यांची स्वारी म्हणजे पालखी, अब्दागिरी, चोपदार, बरोबर शिष्यपरिवार. मुक्काम ठरलेला, भिक्षा कुणाकडे, पाद्यपूजा कुणाची, दक्षिणा किती, याची बोलणी आधीच झालेली. स्वामी गावात आले की गावचे तंटे त्यांच्यापुढे जात: कुणाला वाळीत टाकायचे, कुणाला प्रायश्चित्त द्यायचे. बेळगावपासून फार लांब नसलेल्या संकेश्वरच्या पीठाची सत्ता महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांवर चालत होती, आणि ती नुसती नावाची नव्हती. १८९०च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही नामांकित मंडळींनी ख्रिस्ती पाद्र्यांकडचा चहा घेतला. त्यांत रानडे होते, टिळकही होते. नावे छापून आली आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ताचा प्रश्न निघाला. एका पेल्यातल्या चहाने अख्खे पुणे दोन तटांत विभागले होते आणि त्याचा धुरळा १८९२ सालीही खाली बसलेला नव्हता. बेळगावच्या वकीलमंडळींत या विषयावर बोलणे झाले नसेल असे मानणे अवघड आहे.

अशा हवेत भाट्यांच्या घरी हा पाहुणा उतरला.

पहिला धक्का कपड्यांचा. रंग संन्याशाचा, पण अंगात बनियन. उघड्या अंगाने बसणारा संन्यासी घरच्यांनी पाहिला होता, बनियनमधला नव्हे. दंडाच्या जागी हातात फिरायला जाताना घेतात तशी लांब काठी. बाकी सामान म्हणजे कमंडलू, गीतेची एक छोटी प्रत आणि एक-दोन पुस्तके. शिवाय बोलायचा इंग्रजीत. हिंदी चांगली येत होती, पण यजमानांची भाषा मराठी, म्हणून दोघांनाही इंग्रजीच सोयीची पडे. भगव्या वस्त्रांतून इंग्रजी ऐकायची सवय त्या घरात कुणाला असणार? त्या काळी मराठी घरात इंग्रजी म्हणजे कोर्ट, कचेरी आणि सुधारकांची भाषा, देवाधर्माची नव्हे.

मग जेवण झाल्यावर त्याने पान-सुपारी मागितली. ती दिली. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याने खायला तंबाखू मागितली. माजघरात काय कुजबुज झाली असेल याची कल्पना मराठी वाचकाला वेगळी करून द्यायला नको. घरचा कर्ता तंबाखू खात असेल तर कुणाची हरकत नव्हती, संन्याशाने मात्र ती मागायची नव्हती. त्याहून पुढची गोष्ट त्याने आपणहून सांगितली: आपण ब्राह्मण नाही. म्हणजे ब्राह्मण नसून संन्यासी, आणि संन्यासी असून तंबाखूचा शौकीन. दोन्ही गोष्टी भाट्यांच्या घरच्या हिशेबात बसणाऱ्या नव्हत्या.

यावर त्याने ना सारवासारव केली, ना उपदेश. आपण विश्वविद्यालयाचे पदवीधर आहोत, एके काळी सुखात लोळलेलो आहोत, गुरू रामकृष्णांची गाठ पडल्यावर आयुष्य पालटले, पण एक-दोन जुन्या सवयी राहिल्या आहेत आणि त्या निरुपद्रवी आहेत म्हणून राहू दिल्या, असे त्याने सरळ सांगितले. जेवणाचे विचारले तर परमहंस पंथाच्या संन्याशाला वाढणाऱ्याची जात पाहायची नसते, पुढे येईल ते खायचे असते, हे उत्तर. भाट्यांनी त्याला घराबाहेर काढले नाही. मला या गोष्टीत सदाशिवरावांचा मोठेपणा दिसतो. पाहुण्याचे वागणे पटत नव्हते, चारचौघांत बोलणे होणार हे दिसत होते, तरी त्यांनी उलट गावातली जाणती मंडळी घरी बोलवायला सुरुवात केली. पंचहौदच्या चहाने पुणे हादरले त्याच काळात बेळगावातला एक ब्राह्मण वकील ही जोखीम घेत होता. विवेकानंदांच्या चरित्रांत सदाशिवरावांच्या वाट्याला दोन-चार ओळी येतात. त्यांना जास्त जागा मिळायला हवी होती.

घरातला मुलगा तेव्हा जुन्या पद्धतीने पाणिनीची अष्टाध्यायी पाठ करत होता. बापाने पाहुण्यासमोर म्हणून दाखवायला सांगितले. ज्यांनी लहानपणी पाहुण्यांपुढे स्तोत्रे म्हटली आहेत त्यांना या परीक्षेची भीती ठाऊक आहे. म्हणताना मुलगा अडखळला आणि स्वामींनी चूक दुरुस्त केली. घरच्यांना वाटले होते, इंग्रजी शिकलेला हा बंगाली, याचे संस्कृत वरवरचे असेल. पण मुलाने वर्षानुवर्षे घोकलेले सूत्रपाठ या माणसाला मुलाहून चांगले येत होते. भाट्यांच्या घरात पारडे फिरले ते बहुधा इथे. चमत्कार नाही, भविष्य नाही, विभूती नाही, व्याकरण. मराठी ब्राह्मण घराला जिंकायचे तर याहून नेमके हत्यार सापडले नसते.

मग बैठका भरू लागल्या. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातले महत्त्वाचे ठाणे. दक्षिण भागाच्या कमिशनरची कचेरी इथे, लष्करी छावणी इथे, कोर्टकचेऱ्या इथे. मराठी, कानडी, उर्दू, कोकणी बोलणारे लोक एका बाजारात. अशा गावात वाद घालायला माणसे कमी नसतात. त्यांत एक एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर होते, गावातले सगळ्यांत बहुश्रुत गृहस्थ. त्यांचे वर्णन वाचताना आपल्या ओळखीचे चार-पाच जण डोळ्यांपुढे येतात. आचार सोवळ्यातला, विचार संशयवाद्याचा. घरी सगळे सणवार यथासांग, आणि बाहेर म्हणायचे की धर्म म्हणजे जुन्या समजुतींचे गाठोडे. विज्ञान हा त्यांचा बालेकिल्ला. स्वामी मात्र त्यांच्याच बालेकिल्ल्यात शिरून बोलू लागले, तेव्हा इंजिनिअरसाहेबांचा तोल सुटू लागला. वादात ते उद्धट होत आणि स्वामी शांत राहत. प्रा. भाट्यांनी हे लिहून ठेवले आहे, पण इंजिनिअरांचे नाव दिलेले नाही. मला ते नाव हवे होते. त्यांनी आपल्या बाजूने काही लिहिले असते तर या भेटीचे तिसरे आणि सगळ्यांत तिखट वर्णन आपल्याला मिळाले असते.

एका सकाळच्या बैठकीचा तपशील हरिपद मित्रांनी दिला आहे. खोली वकिलांनी आणि शास्त्र्यांनी भरलेली, प्रश्नांचा भडिमार, आणि स्वामी इंग्रजी, हिंदी, संस्कृत अशा भाषांतून न थांबता उत्तरे देत आहेत. एका वकिलाने विचारले की, संध्येचे मंत्र संस्कृतात, आम्हांला ते कळत नाहीत, मग म्हणून काय उपयोग? स्वामींचे उत्तर दुहेरी होते. ब्राह्मणाच्या घरी जन्मून थोड्या कष्टाने समजणारी गोष्ट समजून घेतली नाही, हा दोष कुणाचा? आणि तरीही संध्येला बसताना आपण चांगले काही करतो आहोत असे वाटत असेल, तर तेवढ्याचेही फळ आहे. म्हणजे आधी चिमटा, मग दिलासा. तेवढ्यात दुसऱ्या कुणी आक्षेप घेतला की धर्माची चर्चा परकी भाषेत करू नये, अमुक पुराणात तसे सांगितले आहे. स्वामींनी वेदांचा आधार दिला आणि समोरच्या मंडळींचा पेशा ओळखून म्हटले की, हायकोर्टाचा निकाल खालच्या कोर्टाला फिरवता येत नाही. खोलीभर वकील बसलेले. हा मुद्दा त्यांना आणखी समजावून सांगायची गरज पडली नसणार. नऊ वाजले तशी कोर्टात जाणारी मंडळी उठून गेली.

या सकाळच्या आधी एक संध्याकाळ होती. १८ ऑक्टोबरला भाटे स्वामींना घेऊन हरिपद मित्रांच्या बंगल्यावर गेले, तुमच्या मुलखातला एक विद्वान संन्यासी आला आहे म्हणून. गुळगुळीत चेहरा, तेजदार डोळे, अंगात भगवी कफनी, डोक्याला भगवा फेटा, पायांत मराठी वहाणा. मित्रांच्या मनात पहिला विचार आला तो हा की, याला काहीतरी मागायचे असणार. साधू या जमातीवर त्यांचा विश्वास नव्हता. तरीही पाहुणचार म्हणून विचारले की, मी कायस्थ, घरात हुक्का एकच, चालेल का? पाहुण्याला चालत होता. मिळेल ते ओढतो, म्हणाला. कायस्थाचा हुक्का ओढायला त्याची हरकत नव्हती. संकेश्वर फार दूर नव्हते याची आठवण इथे ठेवावी.

मित्रांनी त्याला आपल्याकडे राहायला बोलावले. त्याचे उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. मी या मराठी गृहस्थांकडे मजेत आहे. बंगाली माणूस दिसताच उठून गेलो तर त्यांना वाईट वाटेल. मग दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला यायचे ठरले. मित्र वाट पाहत बसले, पाहुणा आला नाही. शेवटी ते स्वतः भाट्यांकडे गेले, तर तिथे वर सांगितलेली ती बैठक रंगलेली. आधी ज्याला ठक समजले त्याला घरी न्यायला साहेब स्वतः चालत गेले, असा हा बदल एका रात्रीत झाला. भाट्यांचा निरोप घेऊन स्वामी त्या दिवशी मित्रांकडे आले आणि पुढचे नऊ दिवस तिथे राहिले.

पंचांग मागे मोजत गेले तर त्या वर्षीची आश्विन अमावास्या २० ऑक्टोबरला येते. म्हणजे हा सारा मामला ऐन दिवाळीतला. संशयाची, वादाची, हुक्क्याची नोंद आहे, पण प्रा. भाटे आणि मित्र या दोघांच्या लिहिण्यात दिवाळीबद्दल काही माझ्या वाचनात आलेले नाही. दिवाळीत भाट्यांच्या घरी या पाहुण्याच्या पानात काय काय पडले असेल, हे सांगायला कुणी उरलेले नाही. बायकांपैकी कुणी आठवणी लिहिल्या असत्या तर कदाचित कळले असते.

मित्रांच्या घरातले नऊ दिवस वेगळ्या चालीचे. तिथे सभा कमी, संगत जास्त. एकदा बोलता बोलता स्वामींनी डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधली दोन-तीन पाने धडाधड म्हणून दाखवली. संन्याशाने ही कादंबरी पाठ कशाला करावी, असा मित्रांना प्रश्न पडला. उत्तर आले की दोनदाच वाचली आहे, एकदा शाळेत आणि एकदा पाच-सहा महिन्यांपूर्वी. ज्यूल व्हर्नच्या विज्ञानकथा आणि कार्लाइलचे ‘सार्टर रिसार्टस’ वाचण्याजोगे आहे हेही मित्रांना पहिल्यांदा याच पाहुण्याकडून कळले. गीता तर होतीच. मित्रांनी ती पूर्वी चाळून सोडून दिली होती.

पण मला जास्त आवडतो तो साधा भाग. मित्रांना गोऱ्या वरिष्ठाचा जाच वाटे. कचेरीतून आले की त्याच्यावर चरफडत. स्वामींचे म्हणणे असे की, पगारासाठी नोकरी धरली, पगार मिळतो, मग रोज उठून कुढायचे कशाला; साहेबातले चांगले काय ते पाहायला लागा. मित्रांनी करून पाहिले आणि म्हणे साहेबाचे वागणे निवळले. ब्रह्मज्ञानाच्या मानाने हा सल्ला किरकोळ वाटेल. सरकारी नोकरी केलेल्या वाचकाला तसा वाटणार नाही. मित्र स्वतःला नेहमी आजारी समजत आणि नाना औषधे घेत. त्यावरही बोलणे झाले आणि बाटल्या कमी झाल्या.

मित्रांच्या पत्नी इंदुमती यांना पूर्वीपासून मंत्रदीक्षा घ्यायची होती. ज्याच्यावर खरी श्रद्धा बसेल असा गुरू मिळाला तर घे, असे नवऱ्याने सांगून ठेवले होते. आता तसा माणूस घरातच राहत होता. स्वामी आधी तयार नव्हते. गृहस्थाला गृहस्थ गुरू बरा, शिष्याचा भार गुरूला घ्यावा लागतो, असे त्यांचे म्हणणे पडले. अखेर दोघांनाही दीक्षा दिली. साधू म्हणजे ठक म्हणणारे साहेब आठवड्याभरात शिष्य झाले. बेळगावातला भक्तपरिवार म्हणायचा तर हा एवढाच: एक बंगाली जोडपे. भाटे मंडळींनी मात्र दीक्षा घेतल्याचे त्यांच्या लेकाने लिहिलेले नाही. त्यांनी आदर दिला, घर दिले, श्रोते दिले. मला तेही तितकेच मोलाचे वाटते.

याच मुक्कामात मित्रांनी स्वामींचे छायाचित्र काढवून घेतले, बेळगावच्या एस. महादेव अँड सन यांच्याकडे. स्वामी नाखूश होते. शिकागोला भरणाऱ्या धर्मपरिषदेला जायचा विचार त्यांनी बोलून दाखवला, तेव्हा मित्र उत्साहाने म्हणाले की गावात वर्गणी काढतो. स्वामींनी नको म्हटले. वकील, अंमलदार, व्यापारी असलेल्या बेळगावात बरी रक्कम जमली असती. पुढे पैसे उभे राहिले ते मद्रासच्या शिष्यांच्या आणि खेतडीच्या महाराजांच्या बळावर.

आज बेळगावात या भेटीच्या दोन जागा दाखवतात. एक किल्ल्यात, मित्रांचा बंगला होता तिथे. कमल बस्ती आणि सफा मशीद ज्या तटाच्या आत आहेत त्याच तटात रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. दुसरी रिसालदार गल्लीत, भाट्यांचे घर. तेही स्मारक म्हणून जपले आहे. किल्ल्यातल्या आश्रमात शांतता आहे, स्वच्छता आहे, ध्यानाला बसायला जागा आहे. गल्लीत रहदारी आहे. पाहायला येणारे लोक साहजिकच किल्ल्याकडे वळतात. माझे मत विचाराल तर खरी घटना गल्लीत घडली. किल्ल्यात त्याला शिष्य मिळाले, पण त्याची झाडाझडती झाली ती गल्लीत. आणि जो माणूस अकरा महिन्यांनी शिकागोत अनोळखी लोकांपुढे उभा राहणार होता, त्याला या झाडाझडतीचा उपयोग जास्त झाला असणार. जातीचा प्रश्न, परक्या भाषेचा प्रश्न, धर्म आणि विज्ञानाचा प्रश्न, सगळे त्या एका खोलीत विचारून झाले होते. स्मारकांची अडचण अशी असते की, तिथे फक्त उत्तरे देणाऱ्याची तसबीर लागते.

२७ ऑक्टोबरला स्वामी निघाले. मित्र आणखी राहा म्हणत होते. संन्याशाने एका जागी फार दिवस राहू नये, माया जडते, या नियमावर त्यांनी विषय संपवला. मित्रांनी मार्मागोव्याचे तिकीट काढून दिले, गाडीत बसवले आणि साष्टांग नमस्कार घातला. मनापासून असा नमस्कार आपण आयुष्यात पहिल्यांदाच केला, असे त्यांनी नोंदवले आहे.

खिशात पुन्हा ओळखीचा आधार होता. बेळगावचे डॉ. शिरगावकर यांनी मडगावचे आपले स्नेही सुब्राय नायक यांना लिहिले होते. स्वामींना गोव्यात ख्रिस्ती धर्मशास्त्राचे जुने लॅटिन ग्रंथ पाहायचे होते. नायकांनी त्यांना मडगावच्या दामोदर सालात उतरवून घेतले आणि राशोलच्या सेमिनरीत जायची सोय लावून दिली. तिथे पाद्र्यांच्या ग्रंथालयात भगव्या वस्त्रातला हा माणूस हस्तलिखिते वाचत बसला. पंचहौदचा चहा ज्यांना पचला नव्हता त्यांच्यापर्यंत ही वार्ता गेली असती तर त्यांनी काय प्रायश्चित्त सांगितले असते, देव जाणे. १८९३च्या मे महिन्याच्या अखेरीस मुंबईहून बोटीत बसण्याच्या आठवडाभर आधी स्वामींनी इंदुमतींना पत्र लिहिले. पत्राच्या आरंभी संबोधन होते ते आईला करतात तसे.